हेप्सीचं दुसरं वाक्य

हेप्झिबा ऑर्मरॉड गेल्या मार्चात वारली. चॅपलमध्ये पाद्रीबुवांनी तिच्याबद्दल तीन गोष्टी सांगितल्या. तिनं चाळीस वर्षं ऑल्डर बँक गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले, आजारी बापाची सेवा केली, आणि एकही रविवार चुकवला नाही. तिन्ही खऱ्या. पण पाद्री पडला यॉर्कशायरचा, हॅगथॉर्नला येऊन त्याला पुरती दोन वर्षं नाहीत, त्याला बाकीचं कोण सांगणार? ज्यांना माहीत होतं ते एक तर मेले, नाही तर माझ्यासारखे तोंडात मूग धरून पहिल्या बाकावर बसले होते.

हेप्सी आणि मी शेजारशेजारच्या साच्यांवर. चार तिचे, चार माझे. आमच्या खात्यात बाराशे साचे एका वेळी धडधडायचे, तेव्हा कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून गिरणीतली प्रत्येक बाई ओठांनी बोलायची. आवाज काढायचा नाही. ओठ ताणायचे, भुवया उडवायच्या, अक्षर न् अक्षर चेहऱ्यावर मांडायचं. त्याला आम्ही मीमॉ म्हणायचो. दहा वर्षांची पोर गिरणीत शिरली की महिन्याभरात शिकायची. आणि एकदा अंगात भिनलं की ते घरी, बाजारात, प्रार्थनेतही सुटत नसे. गुपित बोलायचं असलं की आम्ही आवाज बंद करायचो. बाहेरगावच्या माणसाला वाटायचं, या बायका घास चघळताहेत.

या बोलीत हेप्सीचा हात धरणारं कोणी नव्हतं. उंच, लालसर केसांची, नाकावर ठिपके, आणि तोंड असं मोठं की तिचा बाप एबल म्हणायचा, "देवानं हिला तोंड दिलं आणि उरलेल्या जागेत चेहरा बसवला." ती खात्याच्या एका टोकाला बोलली की दुसऱ्या टोकाची बाई हसायची. वाचण्यातही तशीच. समोरच्या फुटपाथवर दोन माणसं कुजबुजली तरी ही आम्हाला त्यांचं भांडण सांगायची.

तिची आई ती चौदा वर्षांची असताना गेली. बापाची छाती कापसाच्या धुळीनं भरलेली. त्याला टाकून लग्न कसं करणार, म्हणून ईनॉक कर्शॉ नऊ वर्षं थांबला. ईनॉक आमच्या खात्यातला जॉबर, साचे दुरुस्त करणारा. जॉबर म्हणजे डोक्यानं अर्धाच, असं आमच्याकडे सगळेच मानतात. जॉबरच्या मूर्खपणाचे किस्से सांगितल्याशिवाय आमच्या लँकेशायरात चहा गोड लागत नाही. ईनॉकला ते किस्से ऐकून राग यायचा नाही. तोच नवे रचून आणायचा. पण आतून हळवा होता. हेप्सी हसली की कान लाल व्हायचे त्याचे.

राज्याभिषेकाच्या वर्षी, एकोणीसशे दोनच्या ऑगस्टमध्ये, त्यानं चर्च रो या गल्लीच्या टोकाला घर भाड्यानं घेतलं. खालची खोली एबलसाठी, म्हणजे त्याला जिना चढायला नको. किल्ली घेऊन तो गुरुवारी हेप्सीकडे गेला आणि हेप्सीनं हो म्हटलं. घर घेतलंय हे गावाला माहीत होतं. तिनं हो म्हटलंय हे मात्र अजून कोणालाच माहीत नव्हतं, मलासुद्धा नाही.

आता माझं सांगते. मी तेव्हा एकतीस वर्षांची, भावाच्या घरी, स्वयंपाकघरात बाकावर झोपणारी. भावजय मार्था वाईट नव्हती, पण पाच पोरं आणि वर मी. रोज सकाळी बाक रिकामा करताना तिचा उसासा ऐकू यायचा. मला एकच मागणी आली होती, जोनास ग्रिमशॉची. बिजवर, त्रेचाळीस वर्षांचा, आणि धंद्यानं कापड तपासणारा. आमचा प्रत्येक तागा त्याच्या टेबलावर जायचा, आणि तो जाड बोट फिरवत दोष शोधायचा. दोष नसला तरी सापडायचा. गिरणीत कोणाला तो आवडत नव्हता. पण त्याचं स्वतःचं घर होतं, रस्त्याच्या बाजूला पडद्यांची खोली होती, आणि त्या घरात बाकावर झोपायची पाळी येणार नव्हती. त्या आठवड्यात त्यानं मला दुसऱ्यांदा विचारलं होतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्या फाटकाबाहेर प्रोफेसर रिडयार्ड हलती चित्रं टिपायची पेटी तीन पायांवर मांडून उभा होता. प्रोफेसर कसला, जत्रेतला तंबूवाला. वेक्सची, म्हणजे गिरणी बंद ठेवायच्या वार्षिक सुट्टीची, जत्रा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. दर वर्षी तो असाच यायचा, फाटकातून बाहेर पडणारे लोक टिपायचा आणि तंबूवर पाटी लावायचा: 'या आणि स्वतःला पाहा.' अख्खी गिरणी यायची. स्वतःचं तोंड पाहण्यासारखा दुसरा तमाशा नाही.

"चालत राहा, बायांनो, चालत राहा! थांबू नका!" तो ओरडत होता. पुरुष टोप्या उडवत होते. दगडी रस्त्यावर शेकडो लाकडी तळव्यांचे बूट वाजत होते. मी हेप्सीच्या चार पावलं पुढे होते. जोनास मान खाली घालून मागून येत होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी पेटीकडे पाठ करून वळले आणि ओठांनीच हेप्सीला विचारलं, "जोनासनं परत विचारलंय. काय करू? हो म्हणू?"

हेप्सीनं पेटीकडे तोंड असताना, चालता चालता, तिच्या त्या मोठ्या तोंडानं उत्तर दिलं, "घर बरं आहे त्याचं. पण त्या माणसाबरोबर झोपण्यापेक्षा मी गिरणीच्या तळ्यात जीव देईन!"

मी हसले. मग तिनं शाल सावरली आणि दुसरं वाक्य म्हटलं. "माझ्याला मात्र मी काल हो म्हटलंय. आणि घर नसतं तरी म्हटलं असतं."

मी तिथेच तिच्या गळ्यात पडले. रिडयार्ड ओरडला, "ए बाई, चाल पुढे!"

पेटीला कान नव्हते म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पेटीला डोळे होते आणि अख्खं हॅगथॉर्न डोळ्यांनी ऐकतं, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

शनिवारी दुपारी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. काळे वाटाणे, मिठाई, ओल्या लोकरीचा वास. हेप्सी आणि ईनॉक पुढे, मी मार्थाबरोबर मागे, जोनास खांबाला टेकून. चित्र सुरू झालं. फाटक उघडलं, आणि जो तो आपापलं नाव ओरडायला लागला. "तो बघ आपला सिलस! टोपी नीट घाल रे!" "अगं, माझी शाल किती मळलीय!" मग पडद्यावर माझी पाठ आली, नुसती पाठ, आणि तिच्या पलीकडे हेप्सीचं तोंड, परातीएवढं.

तिचे ओठ हलले, आणि तीनशे माणसांनी एका दमात वाचलं.

 मग जो हशा उठला तो मी मेले तरी विसरणार नाही. "घर बरं आहे त्याचं!" मागून एक बाई किंचाळली. "ईनॉक, पोहायला येतं का रे तिला?" सगळे बाकांवर चढून ईनॉककडे बघायला लागले. कोणाचंच लक्ष पडद्याकडे नव्हतं. तिथे हेप्सी शाल सावरून दुसरं वाक्य बोलत होती, आणि ते वाचणारी एकटी मी होते. ईनॉक आपल्या बुटांकडे बघत होता. कान लाल नव्हते, पांढरे पडले होते. तो उठला आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेला. हेप्सी त्याच्या मागे धावली.

सगळ्यात मोठ्यानं जोनास हसत होता. "त्या ऑर्मरॉडच्या पोरीची जीभ भारी आहे हं," तो मला म्हणाला.

तेव्हाच उभं राहून मी म्हणायला हवं होतं, की लोकहो, ते ईनॉकबद्दल नव्हतं, ते या खांबाला टेकलेल्या माणसाबद्दल होतं. एवढंच म्हणायचं होतं. किंवा नुसतं, "प्रोफेसर, परत एकदा दाखवा," म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मार्थाच्या धाकट्याचं नाक पुसत बसले.

तासाभरानं एबल ऑर्मरॉड दम खात तंबूपाशी गेला आणि रिडयार्डवर काठी उगारली. रिडयार्ड बिचारा घाबरला, त्यानं ते रीळ काढून डब्यात घातलं आणि पुन्हा लावलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

तिथून मी तडक हेप्सीकडे गेले. ती मोरीपाशी उभी होती. डोळे सुजलेले.

"मी त्याला म्हटलं, ते तुझ्याबद्दल नव्हतं," ती म्हणाली. "तो विचारतो, मग कुणाबद्दल? मी काय सांगू, झिल्ला?"

"माझं नाव घेऊ नकोस, हेप्सी. तुझ्या पाया पडते. जोनासला कळलं तर माझा एक तागा पास होणार नाही, तुझाही नाही. बुधवारपर्यंत थांब. मी स्वतःच त्याला नाही म्हणते, मग आपण सगळ्यांना सांगू."

"बुधवारपर्यंत." तिनं हात पुसले. "बरं. मी शब्द देते. पण ईनॉक तुला विचारायला येणार. तिथं तूच होतीस हे त्याला माहीत आहे. त्याला तरी सांगशील ना? तो बाहेर बोलायचा नाही."

"त्याला सांगेन," मी म्हटलं.

ईनॉक रविवारी आला. चॅपल सुटल्यावर मला कालव्याच्या पुलावर गाठलं. रविवारचा कोट घातलेला, दाढी केलेली, हनुवटीवर पात्यानं कापलेलं.

"झिल्ला, खरं सांग. ती कुणाबद्दल बोलत होती?"

मार्थानं त्या दिवशी चांगले कप काढले होते. चारला जोनास चहाला यायचा होता. ईनॉक बाहेर एक अक्षर बोलणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःलाच सांगत आले की मला भीती वाटली. भीती नव्हती. पडद्यांची ती खोली मला हवी होती, आणि ती मिळेपर्यंत मला कुठलाही धोका नको होता.

"गर्दी होती रे," मी म्हटलं. "मला नाही कळलं, ती काय म्हणाली ते."

 तो हसला, पण ते हसू बघवेना. "तुला नाही कळलं? चाळीस साच्यांपलीकडून वाचतेस तू." त्यानं टोपी घातली. "राहू दे. माझ्यावर दया करतेस, कळतंय मला. उपकार आहेत तुझे."

आणि तो गेला. खोटं बोलणारीचे उपकार मानून गेला.

बुधवार आला, मी हेप्सीला म्हटलं, पुढच्या रविवारपर्यंत थांब. रविवार आला, तोवर सुट्टी संपून गिरणी सुरू झाली होती. ईनॉक खात्यात शिरला की एक तरी बाई साच्याआडून ओठ हलवायची, 'घर बरं आहे त्याचं.' आवाज नाही, म्हणून रागावताही येत नाही. त्याचा भाऊ अमेरिकेत, फॉल रिव्हरच्या गिरण्यांत होता, दोन वर्षांपासून बोलावत होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ईनॉकनं चर्च रोची किल्ली परत केली आणि लिव्हरपूलची गाडी धरली. हेप्सीनं त्याला दोन पत्रं पाठवली. त्यांत माझं नाव होतं का? नसणार. तोपर्यंत चॅपलमध्ये माझ्या आणि जोनासच्या लग्नाची घोषणा झाली होती, आणि शब्द म्हणजे शब्द, असल्या वळणाची ती मुलगी. उत्तर आलं नाही.

माझ्या लग्नात तिनंच माझ्या टोपीवर फुलं शिवली.

जोनासबरोबर सोळा वर्षं काढली. मारकुटा नव्हता, दारू पीत नव्हता. धुतलेली चादर दोरीवरून काढली की तिच्यावर बोट फिरवायचा, सवय ती. जर्मनीशी लढाई संपली त्या वर्षीच्या हिवाळ्यात तापानं गेला. पडद्यांच्या खोलीत आम्ही फक्त त्याची शवपेटी ठेवली तेवढ्या दिवशी बसलो, एरवी ती खोली जपूनच ठेवायची असते. जीव देण्याइतका वाईट नव्हता तो, हेप्सीचं तेवढं चुकलंच. पण रात्री शेजारी झोपला की मला दर वेळी ते तळं आठवायचं.

हेप्सी शेजारच्याच साच्यांवर राहिली. बाप गेला, केस पांढरे झाले, आणि साच्यांनी आमचे कान खाल्ले, तिचे माझ्याआधी. पन्नाशीला तिला तोफेचा आवाज ऐकू आला नसता. पण त्या दिवसाबद्दल ती मला एका शब्दानं कधी बोलली नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी तिच्या पायांवर डोकं ठेवून मोकळी झाले असते. तीच आपणहून दर शनिवारी दुपारी मला हाक मारायची, "चल गं, चित्र बदललंय."

पुढे रिडयार्डनं तंबू सोडून स्टेशन रोडवर पक्कं थिएटर बांधलं होतं. आम्ही डावीकडे चौथ्या रांगेत बसायचो. पडद्यावर पाट्या यायच्या, पण हेप्सीला पाट्यांची गरज नव्हती. लंडनची ती गोरीपान नटमंडळी चांदण्यात एकमेकांचे हात धरायची, पाटी म्हणायची, 'प्रिये, जन्मभर तुझाच,' आणि हेप्सी मला कोपरानं ढोसायची. "तो म्हणतोय, पायावरून पाय काढ, मेले." एकदा एक सरदार प्राण सोडताना म्हणाला होता, की मला चारच्या गाडीनं जायचंय. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो होतो, आणि मागची बाई म्हणाली होती, "या बायांना काळीज आहे की नाही?" दक्षिणेकडची माणसं अर्ध्या तोंडानं बोलतात अशी मात्र हेप्सीची तक्रार असायची.

एकोणीसशे तीसमध्ये बोलपट आले. रिडयार्डची मुलगी तेव्हा थिएटर बघायची. तारा, भोंगे, कर्णे बसवायला थिएटर बंद करण्याआधी तिनं अडगळीची खोली आवरली, तर बापाचे जुने डबे निघाले. मूक चित्रांच्या शेवटच्या शनिवारी तिनं पाटी लावली: 'जुनं हॅगथॉर्न: या आणि आपल्या आजीला पाहा.'

मला जायचं नव्हतं. गुडघा दुखतोय म्हटलं. हेप्सीनं माझी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.

तिसरं रीळ लागलं आणि फाटक उघडलं. माझी पाठ आली. हेप्सीचं तोंड आलं, एकोणतीस वर्षांचं. थिएटरमध्ये त्या काळचं आता कोण उरलं होतं? पुढच्या रांगेत गिरणीतल्या चार पोरी बसल्या होत्या. त्यांना ना ईनॉक माहीत, ना घर. त्यांना बघायला दुसरीकडे काही नव्हतं, म्हणून त्या पडद्याकडेच बघत राहिल्या.

"अय्या, ती म्हणते तळ्यात जीव देईन!" एक शेजारणीकडे तोंड वळवून हसली. "थांब, अजून बोलतेय. 'माझ्याला मात्र मी काल हो म्हटलंय. आणि घर नसतं तरी म्हटलं असतं.' हाय! नशीबवान गं तो!"

आणि तेव्हा मला दिसलं, हेप्सीच्या मागे दोन माणसं सोडून ईनॉक होता. टोपी हातात. तिच्या पाठीकडे बघत चालला होता, तिच्या तोंडाकडे नाही. त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं, आणि तो हसत होता.

रीळ दोन मिनिटांचं. संपलं.

 हेप्सीनं पुढे वाकून त्या पोरीच्या खांद्यावर बोट ठेवलं. "ईनॉक कर्शॉ," ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, जरा मोठाच. "त्याचं नाव ईनॉक कर्शॉ." पोरीला काही कळलं नाही; ती "बरं, आजी" म्हणाली.

बाहेर लख्ख ऊन होतं. थिएटरच्या पायऱ्यांवर मी हेप्सीचा हात धरून तिला थांबवलं, तिच्यासमोर उभी राहिले, आणि अठ्ठावीस वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. आवाज काढला नाही. ओठ ताणून, अक्षर न् अक्षर, गिरणीत शिकले तसं. "हेप्सी, तो मला विचारायला आला होता. पुलावर. तुला वचन दिलं होतं तरी मी त्याला सांगितलं नाही. मला सगळं कळलं होतं. मी खोटं बोलले. मला त्या माणसाचं घर हवं होतं. मला क्षमा कर."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. हातभर अंतर, डोळ्यांवर ऊन नाही, मध्ये कोणी नाही. रस्त्यापलीकडचं भांडण वाचणारे ते डोळे. मी शेवटचा शब्द म्हणेपर्यंत तिनं नजर काढली नाही.

मग तिनं माझ्या शालीची पिन नीट लावली.

"गर्दी होती गं," ती म्हणाली. "मला नाही कळलं, तू काय म्हणालीस ते."

तेव्हा मला समजलं की ईनॉक पुलावरून सरळ तिच्याकडेच गेला होता. माझे शब्द त्यानं तिला जसेच्या तसे सांगितले होते, आणि ते तिनं इतकी वर्षं माझ्या शेजारच्या साच्यांवर सांभाळून ठेवले होते. पायऱ्यांवर आमच्या दोघींशिवाय कोणी नव्हतं.

"चल," ती म्हणाली, "चहाची वेळ झाली." आणि माझा दुखरा गुडघा आठवून हळू चालायला लागली.